रिकामी टंकी, रिकामा कॅन: कबाड्याला द्यायच्या आधी

इंदूरच्या माणसाला कचऱ्याबद्दल शिकवायला जाणं म्हणजे जरा आगाऊपणाच आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर, निगमच्या गाडीला सहा वेगवेगळे कप्पे, ओला कुठला आणि सुका कुठला हे बालवाडीतल्या पोरांनाही पाठ. पण पिकनिकच्या शेगडीचा ब्यूटेनचा कॅन संपला किंवा गॅसची छोटी टंकी आता नको झाली तर ती कुठे टाकायची हे विचारून बघा, घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. मग ती वस्तू जिन्याखाली नाहीतर गाडीच्या डिकीत पडून राहते, वर्षं निघून जातात, आणि एक दिवस दारावर कबाडी येतो, "खाली है ना?" विचारतो, आपण हो म्हणतो आणि तो घेऊन जातो.

तर ती खरंच खाली असते का, इथूनच सुरू करू, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

टंकीच्या आत गॅस हा गॅस म्हणून नसतो, दाबाखाली पातळ करून भरलेला असतो. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो आणि प्रोपेन उणे ४२ ला, म्हणजे आपल्या हवेत दोन्ही सदा उकळायला तयार, फक्त बंद भांड्यात कोंडल्यामुळे पातळ राहतात. नॉब उघडला की वरची वाफ बाहेर जाते, तिच्या जागी खालचं पातळ थोडं उकळून नवी वाफ होते, असं चालू राहतं. आता गंमत अशी की उकळायला उष्णता लागते आणि ती उष्णता ते पातळ स्वतःमधूनच आणि कॅनच्या पत्र्यातूनच ओढून घेतं, हातावर स्पिरिट लावलं की गार लागतं ना तसं, म्हणून शेगडी चालू असताना कॅनला हात लावलात तर तो थंडगार लागतो, कधी बाहेरून घाम सुटल्यासारखं पाणीही जमतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सकाळी तिंछा फॉलला किंवा जानापावला गेलात, बाहेर ७-८ अंश, त्यात कॅन स्वतःहून अजून थंड होतोय, तर आतला ब्यूटेन शून्याच्या जवळ पोचतो, तिथे त्याचा दाब जवळपास बाहेरच्या हवेइतकाच उरतो, ज्योत आधी मलूल होते, मग विझते. आपण म्हणतो संपला. संपलेला नसतो, आत चमचा-दोन चमचे नाही, चांगला चहा होईल एवढा गॅस पातळ स्वरूपात शिल्लक असू शकतो. तो कॅन डिकीत पडतो, विसरला जातो, आणि मे महिन्यात ४२-४३ अंशांच्या उन्हात बंद गाडीत तोच "संपलेला" कॅन पुन्हा दाबाखाली येतो. या कॅनवर ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका असं छापलेलं असतं, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत ५० सहज होतात.

हे झालं अर्धवट संपलेल्याचं. पण समजा खरंच पूर्ण संपला, एक थेंब पातळ उरलं नाही, तरी आतली जागा काही हवेने भरत नाही. बाहेरच्या हवेइतका दाब झाला की गॅस बाहेर यायचा थांबतो, बस. आत जितकी जागा तितका गॅस तसाच. पाच किलोच्या टंकीत साधारण १२ लिटर पाणी मावेल एवढी जागा असते, म्हणजे नॉब उघडा ठेवूनही काही येत नाही अशा टंकीत बारा लिटर शुद्ध गॅस बसलेला आहे. हवेत एलपीजीचं प्रमाण साधारण १.८ टक्के ते ९.५ टक्के असेल तर तो पेट घेतो, त्याहून कमी असला तर पेटत नाही आणि जास्त असला तरीही पेटत नाही. यातला दुसरा भाग लोकांच्या लक्षात येत नाही. गच्च भरलेल्या टंकीच्या आत हवाच नाही, म्हणून आतल्या आत आग लागू शकत नाही. उलट रिकाम्या टंकीचा व्हॉल्व्ह काढला, तिला भोक पाडलं, कापायला घेतली की हवा आत शिरायला लागते, आणि गॅस आणि हवा मिळून कधीतरी त्या पेटण्याच्या टप्प्यातून जातातच, नेमकं त्याच वेळी वर ग्राइंडरच्या ठिणग्या उडत असतात. हे बारा लिटर हवेत मिसळले तर साडेसहाशे लिटर पेटणारं मिश्रण होऊ शकतं. वेल्डिंगवाले जुने कारागीर रिकाम्याला भरलेल्यापेक्षा जास्त घाबरतात ते उगीच नाही.

आणखी एक, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, दीडपट ते दुप्पट. खिडकी उघडी आहे म्हणून तो वर जाऊन निघून जाईल असं होत नाही, तो फरशीवर पसरतो, नाळीत उतरतो, तळघरात साचतो. समजा कॅनमध्ये २० ग्रॅम उरला आहे आणि कुणी विचार केला की बाथरूममध्ये जाऊन सोडून देऊ, बाहेर शेजाऱ्यांना वास नको. २० ग्रॅम ब्यूटेन म्हणजे साधारण आठ लिटर गॅस, तो हवेत मिसळून पेटण्याच्या खालच्या टोकाला आला तर साडेचारशे लिटर, आणि चार बाय पाच फुटांच्या बाथरूममध्ये हा थर फरशीपासून वीतभर उंच होतो. आता त्याच बाथरूममध्ये गॅस गीझर असेल, आपल्याकडे कित्येक घरांत असतोच, तर पुढचं मी सांगायला नको.

हे अगदी असंच जपानमध्ये सापोरो शहरात १६ डिसेंबर २०१८ ला घडलं. एका ऑफिसमध्ये वास घालवायच्या स्प्रेचे शंभरावर कॅन टाकून द्यायचे होते म्हणून कर्मचाऱ्यांनी ते आतच, बंद खोलीत, एकेक दाबून रिकामे केले. मग कुणीतरी हात धुवायला गरम पाण्याचा गीझर चालू केला. इमारत उडाली, शेजारचं रेस्टॉरंट कोसळलं, चाळीसच्या वर माणसं जखमी झाली. स्प्रेमध्ये जो पदार्थ ढकलायला भरतात तोही पेटणाराच असतो, आपल्या डिओडरंटमध्येही बहुतेक वेळा ब्यूटेन-प्रोपेनच असतो, तेव्हा हे सगळं डिओच्या डब्यालाही लागू आहे, फक्त त्याच्याकडे कुणी गॅस सिलिंडर म्हणून बघत नाही.

बरं, आता करायचं काय. आधी बघायचं की वस्तू कुणाची आहे, कारण लोक इथेच गडबड करतात.

एक वर्ग म्हणजे एकदाच वापरायचे पातळ पत्र्याचे कॅन, लांबट स्प्रेसारखे २२० ग्रॅमच्या आसपासचे किंवा ट्रेकिंगवाले बुटके, स्क्रूसारखे आटे असलेले. हे तुमचे, विकत घेतलेले. दुसरा वर्ग म्हणजे तेल कंपन्यांची पाच किलोची छोटी टंकी, इंडेनची छोटू, एचपीची अप्पू, भारतगॅसची मिनी, जी पेट्रोल पंपावर किंवा एजन्सीत फक्त ओळखपत्र दाखवून मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही, म्हणून भंवरकुआंच्या कोचिंगच्या पोरांच्या खोल्यांमध्ये हीच दिसते. आणि तिसरा वर्ग, जो असायलाच नको पण आहे, तो म्हणजे बाजारात कुठेतरी घेतलेली, ना आयएसआय मार्क ना कंपनीचं नाव, तीन-चार किलोची रंगवलेली टंकी, जी गल्लीतल्या दुकानात मोठ्या टंकीतून भरून मिळते.

पातळ कॅनचं आधी. सगळ्यात चांगली रिकामी करायची पद्धत म्हणजे शेगडीवरच जाळून संपवणं. ज्योत विझली की कॅन काढा, कोमट पाण्यात, म्हणजे हाताला आरामात सोसेल एवढ्याच, थोडा वेळ ठेवा, पुसा, परत लावा आणि जाळा, थंडीत राहिलेला गॅस असा निघून येतो. गॅसवर शेकायचा नाही, उकळत्या पाण्यात टाकायचा नाही, आणि हे सगळं गच्चीवर किंवा अंगणात, घरात नाही. मग कानाजवळ नेऊन हलवून बघा, आत खळखळ ऐकू आली तर पातळ उरलंय. याहून पक्की पद्धत वजनाची. नवा कॅन आणलात की किचनच्या वजनकाट्यावर ठेवा आणि जे येईल ते मार्करने कॅनवरच लिहून टाका, त्यातून छापलेलं गॅसचं वजन वजा केलं की रिकाम्या डब्याचं वजन हातात, पुढे कधीही मोजून कळतं किती उरलाय. पिकनिकला निघताना अर्धा कॅन पुरेल का या वादातही याचा उपयोग होतो.

भोक पाडायचं का, यावर एकमत नाही. परदेशात ट्रेकिंगवाल्यांसाठी खास छोटं हत्यार मिळतं, जे आट्याच्या कॅनला हाताने दाबून भोक पाडतं, आणि भोक दिसलं की भंगारवाला निश्चिंत. दुसरीकडे जपानमधल्या बऱ्याच नगरपालिका आता सांगतात की भोक पाडू नका, नुसता रिकामा करून वेगळा द्या, कारण घरी भोक पाडतानाच लोक भाजतात. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. खिळा आणि हातोडी घेऊन दगडावर ठोकणं, ड्रिल लावणं, हे तर नाहीच करायचं, ठिणगी पडते. ते हत्यार असेल, कॅन पूर्ण जाळून संपवलेला असेल, मोकळ्या जागेत व्हॉल्व्ह दाबून सुस्कारासुद्धा येत नसेल, तर पाडा. नाहीतर जाऊ द्या, कॅनवर मोठ्या अक्षरात "गॅसचा कॅन, रिकामा" लिहा आणि निगमच्या गाडीत घरगुती घातक कचऱ्याचा जो वेगळा कप्पा आहे, जिथे ट्यूबलाइट, पेंटचे डबे, किड्यांच्या औषधाच्या बाटल्या जातात, त्यात मदतनिसाच्या हातात द्या आणि तोंडाने सांगा काय आहे ते. सुक्या कचऱ्यात कागद-पुठ्ठ्याखाली दडपून नाही. कारण आपल्याकडचा कचरा ट्रान्सफर स्टेशनला मोठ्या मशीनने दाबून कंटेनरमध्ये भरतात, आणि दाबताना कॅन फुटला, बाजूला कोरडा पुठ्ठा, लोखंडाची घासाघीस, हे मशीनवर काम करणाऱ्या माणसाच्या तोंडावर होतं, आपल्या नाही. आपण नंबर वन म्हणवतो ते त्याच्या जिवावर.

आणि भंगारात थेट देणार असाल तरी पुढचा प्रवास माहीत असू द्या. हा पत्रा म्हणजे स्टीलच, वरून कथिलाचा पातळ थर, स्टील म्हणून तो शंभर वेळा वितळवता येतो, त्यात वाया जाण्यासारखं काही नाही. पण स्क्रॅप भट्टीत जातं तेव्हा बंद भांडं ही भट्टीवाल्यांची सगळ्यात मोठी डोकेदुखी असते. आत गॅस असला तर स्फोट, आणि गॅस नसून नुसतं पाणी कोंडलेलं असलं तरी स्फोट, कारण वितळलेल्या लोखंडात पाण्याची क्षणात वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून शहाणे स्क्रॅपवाले बंद टंकी, बंद शॉक ॲब्सॉर्बर, बंद पाइप असं काही घेतच नाहीत, आधी उघडं करून आणा म्हणतात. तोंड उघडं आणि आतून कोरडं, अशी वस्तू असली की ती साधं भंगार झाली.

आता एक जुगाड, जो हल्ली व्हिडिओंमधून फार पसरलाय, तो म्हणजे रिकामा ब्यूटेनचा कॅन घरच्या मोठ्या टंकीतून ॲडॅप्टर लावून परत भरायचा. ॲडॅप्टर ऑनलाइन मिळतो म्हणून तो चालतो असं लोकांना वाटतं. इथे दोन गोष्टी आहेत. घरगुती गॅस नुसता ब्यूटेन नसतो, त्यात प्रोपेनही असतो, आणि प्रोपेन जास्त जोरात उकळतो. शुद्ध ब्यूटेनचा दाब ४० अंशांना साधारण २८० किलोपास्कल, तर घरगुती मिश्रणाला त्याच तापमानाला मानकाप्रमाणे १०५० पर्यंत मुभा आहे. म्हणजे त्याच तापमानाला कॅनमध्ये एरवी जो दाब असतो त्याच्या तिप्पट-चौपट त्यात कोंडला जाऊ शकतो. दुसरी गोष्ट जागेची. पातळ गॅस तापला की चांगला फुगतो, म्हणून कारखान्यात भरताना वर मुद्दाम जागा मोकळी सोडतात, टंकी कधीच काठोकाठ भरत नाहीत. घरी ॲडॅप्टरने भरणाऱ्याला ते कळायचा मार्गच नाही, कॅन पूर्ण पातळाने भरला आणि मग उन्हात ठेवला तर फुगायला जागा नसलेलं पातळ पत्रा फाडूनच बाहेर येतं. एकदाच वापरायचा डबा पुन्हा भरणं कायद्यानेही बंद आहे, आणि गल्लीतल्या दुकानात मोठ्या टंकीतून छोटीत गॅस उतरवणंही, दोन्ही गॅस सिलिंडर नियम २०१६ खाली येतं, जे १८८४ च्या एक्स्प्लोझिव्ह्ज ॲक्टमधून निघालेले आहेत. हे बघणारी केंद्र सरकारची संस्था म्हणजे पेसो, पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची, तिचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे.

तर जुन्या टंकीचं काहीतरी सुंदर बनवायचं, हा पुढचा मोह. अर्धी कापून कुंडी, सिगडी, दिवाळीत अंगणात लावायचा दिवा, शाळेसाठी घंटा, आवाज खरंच मस्त येतो. मी विरोधात नाही, पण तेल कंपनीची टंकी असेल तर विषयच संपला, कारण १४.२ किलोची घरगुती टंकी तुमची नाहीच, तुम्ही भरलं ते डिपॉझिट, टंकी कंपनीची. ती कापणं किंवा कबाड्याला विकणं म्हणजे दुसऱ्याचा माल विकणं. इंदुरात अवंतिका गॅसची पाइपलाइन ज्यांच्याकडे आली त्यांच्या कितीतरी घरांत जुनी टंकी कोपऱ्यात "असू दे, कामाला येईल" म्हणून पडली आहे. ती एजन्सीत परत करा, कनेक्शन बंद केल्याचं व्हाउचर मिळतं आणि डिपॉझिट परत मिळतं. पाच किलोवालीही एजन्सीत परत घेतात, टंकी किती जुनी आहे त्यावर पैसे ठरतात, म्हणून घेतानाची पावती जपून ठेवा. खोली सोडून जाणारी पोरं टंकी घरमालकाकडे टाकून जातात, तेव्हा घरमालक काकूंनी पावतीही मागून घ्यावी हे उत्तम. परत गेलेली टंकी तपासली जाते. कॉलरच्या आतल्या पट्टीवर ए, बी, सी किंवा डी आणि वर्षाचे दोन आकडे असतात ते याच चाचणीचे, ए म्हणजे जानेवारी ते मार्च आणि असंच पुढे तीन-तीन महिन्यांनी. चाचणीत नापास झालेल्या टंकीला नियमाने सपाट चेपतात किंवा असे तुकडे करतात की ते परत जोडून टंकी बनवता येऊ नये, आणि मगच ते भंगारात जातं. म्हणजे खरं रिसायकलिंग तिथे आधीपासून चालू आहे, आपण फक्त तिथपर्यंत पोचवायचं आहे.

उरली ती बेनाव टंकी, जी कुणी परत घेणार नाही. तिच्यापासून काही करायचंच असेल तर घरी नको, फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या, ज्याने हे काम आधी केलंय, आणि स्वतः समोर उभं राहून एवढं बघा: व्हॉल्व्ह मोकळ्या मैदानात काढला, आसपास बिडी-सिगारेटसुद्धा नाही, आणि मग टंकी तोंडापर्यंत पाण्याने भरली. अर्धी नाही, पूर्ण, कारण पाणी वर येतं तसा गॅस बाहेर ढकलला जातो, जेवढी जागा कोरडी सोडली तेवढा गॅस राहिला. हे पाणी साबणाचं असावं आणि एकदा ओतून परत भरावं, कारण तळाशी एक घाण वासाचा तेलकट गाळ असतो. गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन घालतात, ते आणि जड तेलं गंजाच्या पापुद्र्यात मुरून बसतात, आणि तापवलं की परत वाफ होऊन निघतात. दोन दिवस टंकी उघडी ठेवली, आता काही उरलं नसेल असं म्हणून जे लोक गॅस कटर लावतात ते याच गाळाला विसरतात. पाणी आत असतानाच हॅकसॉने कापायचं. इलेक्ट्रिक ग्राइंडर आणि पाण्याने भरलेलं लोखंड एकत्र आलं तर स्फोट टळेल पण शॉक बसेल. आणि सिगडी बनवणार असाल तर बाहेरचा रंग आधी खालच्या लोखंडापर्यंत घासून काढा, बऱ्याच टंक्यांवर रंगाखाली जस्ताचा थर असतो, तो लाल तापला की जो पांढरा धूर निघतो त्याने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. म्हणून मी म्हणेन कुंडी करा, सिगडी नको. आणि काहीही केलंत तरी कॉम्प्रेसरची हवेची टाकी नका करू, जुन्या गंजलेल्या वेल्डला पुन्हा दाबाखाली आणण्यासारखा मूर्खपणा नाही.

फायबरची नवी कॉम्पोझिट टंकी, पाच आणि दहा किलोत येते, तिचा तर लोखंडाशी संबंधच नाही, आत प्लास्टिक, त्यावर काचतंतूंचं वेष्टन, वरून परत प्लास्टिकचं जाकीट. कबाड्याला तिचं काही करता येत नाही, तुम्हालाही नाही, एजन्सीच.

कुठल्याही टंकीतून वास येत असेल, रिकामी असो वा भरलेली, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. लाइटचं बटण दाबू नका, चालू असलं तर बंदही करू नका, टंकी उचलता येत असेल तर सरळ उभी धरून उघड्यावर न्या, आडवी नाही, आडवी केली की वाफेऐवजी पातळ बाहेर येतं आणि ते हवेत जवळजवळ अडीचशे पट फुगतं. नाळी, तळघर, गाड्यांपासून लांब ठेवा आणि १९०६ ला फोन करा, तिन्ही तेल कंपन्यांसाठी हाच एक नंबर आहे आणि चोवीस तास चालू असतो.